शंभराच्या आत

आमच्या दाजींना हर्निया झाला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली नाही, आकडा दिला. "शंभराच्या आत या, मग करू. एवढ्या वजनावर टाके टिकत नाहीत. रुग्णालयाचा नियम आहे." दाजी होते एकशेअठरा. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. छप्पर गळतंय म्हणून गवंडी बोलवावा आणि त्याने म्हणावं, आधी घर लहान करा!

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बेकरीत मैदा मळतात. बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली होती. दिवसभर उभं राहिलं की फुगायची आणि आडवं होऊन तळव्याने दाबली की आत जायची. वजन उतरवायचंही ऑपरेशन असतं, तेही विचारून झालं. त्याची रांग लांबलचक, आणि रांगेत घेण्याआधी थोडं वजन आपलं आपण उतरवून दाखवायचं. "म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही," दाजी म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

तिथली एक तरुण डॉक्टरीण भली होती. तिने दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, "नवे अभ्यास वेगळं म्हणायला लागलेत. थांबवून ठेवल्याने सगळ्यांचं भलं होतंच असं नाही. पण नियम समिती बदलते, माझ्या हातात नाही. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर मात्र धावत या." दाजी घरी येऊन यातला चकार शब्द बोलले नाहीत. ताई घाबरेल म्हणून. मलाही हे फार मागाहून कळलं.

मी पिठाच्या गोदामात मापाडी आहे. घरच्या काट्यावर ताईचा काडीचा विश्वास नाही, म्हणून दर आठवड्याला दाजी आमच्या पोत्यांच्या काट्यावर चढायचे. हमाल गोळा व्हायचे. "दाजी, आज किती पोती?" दाजी माझ्याकडे बोट दाखवायचे. "ह्या मेव्हण्यांना विचारा. त्यांचं डोकं सोबत तोललं तरी फरक पडत नाही, रिकामंच आहे."

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग एकशेतीनवर जे थांबलं ते हलेचना. मध्ये एकदा गाठ फार ठणकली म्हणून दाजी रुग्णालयात गेले, तर खिडकीवरच्या माणसाने आकडा बघून दारातूनच वाटेला लावलं. "तीनच किलो तर राहिलेत. करा आणि या." त्या दिवसापासून दाजींनी दुखण्याचं नाव काढलं नाही. पोटावर फडकं आवळून बांधायला लागले. थट्टा बंद झाली. कुणी पाव पुढे केला तर मान फिरवायचे. मला हे लक्षण मुळीच बरं वाटत नव्हतं, पण ताईपुढे बोलायची सोय नव्हती. ती दिवस मोजत होती.

मग एका सकाळी तिचा फोन आला. आनंद नुसता ओसंडत होता. "अरे, काटा रिकामा ठेव! कालपासून ह्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाहीये, सगळं उलटून पडतंय. आज शंभराच्या आत आले नाहीत तर नाव बदलीन!"

"ताई, उलट्या कशाने?"

"तुझं आपलं काहीतरीच! एवढ्या दिवसांनी देव पावलाय, तर पावू दे की."

फोन ठेवतोय तोवर दाजी दारात उभे. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. काट्यावर चढताना त्यांनी माझा खांदा धरला, आणि हात बर्फासारखा गार होता. अठ्ठ्याण्णव. हमालांनी टाळ्या पिटल्या. "दाजी, पेढे कधी?" असं कुणीतरी ओरडलं. दाजी हसले नाहीत. उतरता उतरता वाकले आणि पोत्यांवर बसले ते उठेचनात.

मी फडकं सोडलं. गाठ दगडासारखी झाली होती. वरची कातडी जांभळी.

"आत जात नाही?"

"कालपासून नाही."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"त्या डॉक्टरणीने बजावलं होतं रे, अशी झाली की धावत या म्हणून. पण आकड्याशिवाय गेलो असतो तर परत हाकललं असतं. आता घेतील ना?"

मालाच्या गाडीत घालून नेलं. ताईला वाटेत घेतलं. तीच तरुण डॉक्टरीण होती. तिने पोटाला हात लावला मात्र, आणि ओरडलीच. माणसं धावली, ट्रॉली आली. ताई तिच्या मागे पळत सांगत होती, "शंभराच्या आत आलेत हो! आत्ताच केलंय वजन, ह्याला विचारा!"

"बाई, आता वजनाचा प्रश्नच नाही. आतडं अडकलंय. अशा वेळी वजन कितीही असलं तरी ऑपरेशन करावंच लागतं."

"कितीही?"

"कितीही." डॉक्टरणीने तिच्याकडे बघायचं टाळलं. "फार उशीर झालाय. प्रयत्न करतो, पण शब्द देत नाही."

दार बंद झालं. ताईने माझी बाही ओढून हळूच विचारलं, "म्हणजे एकशेअठरा असतानाच अडकायला हवं होतं का रे?"