माझ्या पोटातला केसाळ पाहुणा

मी एक जुनी काचेची पेटी आहे. नऊ वर्षे माझ्यात सोनेरी मासे पोहत होते. घड्याळे दुरुस्त करणारे बाबा सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला त्यांना चिमूटभर खाणे टाकत आणि दर रविवारी मला लख्ख पुसत. येणारा-जाणारा म्हणे, पेटी असावी तर अशी. खोटे कशाला सांगू, मी थोडी शेफारले होते.

मासे म्हातारे होऊन गेले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. मग एके दिवशी बाबांच्या लेकीने मला खाली काढले, धुतले आणि माझ्यात चक्क ओलसर माती भरली. मातीवर फुटक्या कुंडीचे खापर, पाण्याची बशी आणि वरून जाळीचे झाकण. शेवटी डब्यातून जे उतरले, ते पाहून मला शिसारीच आली. पंज्याएवढा टॅरंटुला कोळी, अंगभर केस! मित्रांनो, तो माझ्या काचेवर चढला तेव्हा मला हलता आले असते, तर मी त्याला झटकूनच टाकले असते.

ज्याच्याकडून कोळी आणला त्या दुकानदाराने बजावले होते, आठ दिवस त्याला हात लावू नका, खायला घालू नका, जागेची सवय होऊ द्या. लेक ते इतके पाळत होती, की माझ्याजवळही फिरकत नव्हती. बाबांना मात्र राहवेना. “घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं का?” असे पुटपुटत, तिची पाठ वळली की ते आठच्या ठोक्याला एकेक जिवंत रातकिडा आत सोडत. कोळी खापराखाली दडलेला, तोंडही लावीना. रातकिडे मात्र माजले. बशीत त्यांची विष्ठा, काचेवर डाग, मेलेल्यांचा कुबट वास. शी! मला माझीच घाण वाटू लागली.

आठव्या दिवशी सकाळी कोळी उताणा पडलेला दिसला. बाबा सुपडी घेऊन आले. सांगायला लाज वाटते, पण मला सुटल्यासारखे झाले. लेकीने रडतच दुकानदाराला फोन लावला. आत रातकिडे आहेत का, असे त्याने विचारले. ती नाही म्हणणार, तोच बाबा मान खाली घालून म्हणाले, “आहेत. मीच टाकले.”

कोळी मेलेला नव्हता, कात टाकत होता. अशा वेळी त्याचे अंग इतके मऊ असते, की रातकिडे त्याला जिवंत कुरतडतात. ते काढा, पण त्याला धक्का लावू नका, असे दुकानदाराने सांगितले.

एक रातकिडा त्याच्या पायाशी पोहोचलाच होता. बाबांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळाचा बारीक चिमटा घेतला आणि श्वास रोखून एकेक करत अकरा रातकिडे उचलले. कोळ्याचा केसही हलला नाही.

दुपारी तो जुन्या कातडीतून बाहेर आला. ओला, फिकट, लिबलिबीत, आधीपेक्षाही किळसवाणा. तरी मी त्याचे पाय मोजत होते. आठही निघाले तेव्हा मला हायसे वाटले.

मित्रांनो, त्याची किळस मला अजून येते आणि ती जाईल असे वाटत नाही. पण कुणाला जपायला तो आवडलाच पाहिजे असे थोडेच आहे? नव्या जागी आलेल्याला एक कोपरा द्या, पाणी द्या आणि काही दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका. बाबा आजही आठच्या ठोक्याला माझ्यासमोर येतात. आत डोकावतात, दोन्ही हात पाठीमागे धरतात आणि तसेच परत जातात.