लादीतली गाठ

मासळीला धुरी देऊन विकणाऱ्या त्या बाईच्या भट्ट्या अजून पेटत होत्या, याचं साऱ्या वस्तीला नवल वाटायचं. तिच्या नवऱ्याची होडी तर महिनाभर रिकामी परतत होती. किनाऱ्याजवळ यायला बंदी असलेले परदेशी ट्रॉलर राजरोस आत शिरून समुद्राचा तळ खरवडून नेत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याचं नवंकोरं जाळंही ओढून नेलं.

"माल आणतेस तरी कुठून?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"शीतगृहातून," एवढंच बोलून तिनं विषय बदलला होता.

माल त्याच ट्रॉलरचा होता. नको असलेली बारीक मासळी ते बर्फाच्या लाद्यांत गोठवून भर समुद्रात चोरून विकत आणि तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्या लाद्या आपल्या होडीत घालून आणी. बोटभर पिल्लं, अंड्यांनी फुगलेल्या माद्या. लादी फोडताना ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची. पण घरात खाणारी तोंडं होती.

त्या सकाळी नवरा अचानक भट्टीवर आला. उन्हात ठेवलेल्या लादीकडे बघता बघता तो खालीच बसला. बर्फात जाळ्याच्या निळ्या दोऱ्याचा गाठ मारलेला तुकडा अडकला होता.

"ही गाठ माझी आहे," तो म्हणाला. "अगं, माझं जाळं ओढून नेणाऱ्यांकडून तू मासळी घेतेस?"

त्यानं आरडाओरडा केला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

"उठा," ती म्हणाली. "वितळायच्या आत कचेरीत नेऊ. आता पुरावा आहे आपल्याकडे."

लादी गोणपाटात गुंडाळून दोघं धापा टाकत मत्स्य खात्याच्या कचेरीत पोचले. साहेब बैठकीत होते. एक तास गेला, दुसरा गेला. गोणपाटातून पाणी ठिबकू लागलं.

"पाच मिनिटं भेटू द्या हो!" नवरा शिपायाच्या हातापाया पडत होता.

"अहो, ते आधी बाहेर ठेवा. वास मारतोय."

साहेब आले तेव्हा लिबलिबीत माशांचा ढीग आणि तो दोरा एवढंच उरलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गस्तीची बोट एकच, तिलाही डिझेल नाही. या दोऱ्यावर जहाजाचं नाव थोडंच लिहिलंय? लादी कुणी विकली ते सांगा. तिथून पुढे बघू."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. मग तिनं बहिणीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी त्याची होडी जप्त झाली. जहाजाचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. ते काळ्या रंगानं पुसलेलं असे. चौकशी तिथंच संपली.

बहीण दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"ताई, बडे हाती लागेनात म्हणून आम्हीच सापडलो का गं तुला?"

"मला वाटलं, ते जहाजापर्यंत जातील."

"कशानं जातील? पोहत?"

ती गेली ती गेलीच. लाद्या थांबल्या, भट्ट्याही विझल्या. ट्रॉलर मात्र दिवसाढवळ्या धक्क्यावरून दिसत होते.

पंधरा दिवसांनी नवरा शहरात हमालीला निघाला. कपड्यांची पिशवी उचलत म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही." पण म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.