डाव्या खांबावरचा चुना

आमच्या श्रुतिकेला एक खोड आहे. बसलेल्या माणसाला उठवायचं आणि त्याची जागा मोजायची. मी ओट्याशी भाजी चिरत असले की म्हणेल, "आजी, जरा सरक गं, ओटा मोजते." पाच वर्षं कॉलेजात घातली, अंधेरीला ऑफिसात बसते, पण ही खोड काही गेली नाही. मी चौथीत शाळा सोडली. तरी बसलेल्याला उठवू नये, एवढं मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तर ही आमची नात टपऱ्या बनवते. टपरी म्हटलं की तिला राग येतो, किऑस्क म्हणायचं. बांबूच्या फळ्या आणि दुधाच्या पिशव्या दाबून केलेले पत्रे. खिळा एकही नाही, सगळं बोल्टावर. चार तुकडे टेम्पोत घालून न्यायचे आणि दुपारपर्यंत उभं करायचं. छपरावर उन्हाची वीज. वस्तू देखणी आहे, खोटं कशाला बोलू. पालिकेच्या योजनेत तसे चाळीस व्हायचे आहेत, आणि पहिला, नमुन्याचा, दहिसर स्टेशनबाहेर आमच्याच जागेवर उभा केला. मंगळवारी साहेब लोक तो बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की तसेच्या तसे चाळीस.

त्या जागेवर एकेचाळीस वर्षं आमचे हे बसले. गिरणी बंद पडली तेव्हापासून. जुन्या टपरीच्या पत्र्यावर शेवटपर्यंत रंग होता, 'काशीराम छत्री व कुलपे'. गिरणीत उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं होतं आणि डावा गुडघा कामातून गेला होता, म्हणून फळीवर मांडी घालून बसायचे, ते बसायचेच. पान लावलं की बोटाला उरलेला चुना डाव्या खांबाला पुसायचा. मी कितीदा बोलले, "अहो, फडकं आहे ना!" पण नाही. खांबाला चुन्याचा थर चढला होता, नखाएवढा जाड.

ते गेल्यावर सात महिन्यांनी नवा किऑस्क आला. आत आमची सून कुंदा, श्रुतिकेची आई, कोकम सरबत, कुळथाचं पीठ, सोलं विकते.

तिसऱ्या दिवशी कुंदा घरी येऊन म्हणाली, "आई, कोणीतरी खांबाला चुना पुसून जातं. रोज पुसते, रोज येतो."

"येणारेजाणारे असतात मेले," मी म्हटलं.

"बाहेरच्या बाजूला. दुपारीच येतो. आणि..."

"आणि काय? बोल की."

"बोट आखूड आहे, आई."

दुसऱ्या दिवशी मी गेले. डाव्या खांबाला, बाहेरून, चुन्याचं एक बोट ओढलेलं. वरचं टोक बोथट. हात लावला तर ओला. ते बोट मी पंचावन्न वर्षं ताटात, पाठीवर, पोरांच्या गालांवर पाहिलंय. मला कुणी ओळख करून द्यायला नको. पण एक गोष्ट जुळेना. आमच्या ह्यांचा चुना माझ्या कमरेइतक्या उंचीला असायचा. हा माझ्या कपाळाच्या वर होता.

रविवारी श्रुतिका आली. "आजी, कोणीतरी मस्करी करतंय. साहेब यायच्या आधी हे थांबायला हवं." स्वतः खांब पुसला आणि मोबाइल धरून समोर उभी राहिली. अकरा वाजले, बारा, एक. ऊन डोक्यावर. दोनच्या सुमाराला ती बाटलीतून दोन घोट पाणी प्यायली, तेवढाच काय तो डोळा नि मोबाइल खांबावरून हलला. आतून बाहेर डोकावलेली कुंदा किंचाळली. बोट ओढलेलं होतं. ओघळ अजून खाली येत होता.

पोरगी घाबरली. घाबरली की ती काय करते? टेप काढते. "चार फूट अकरा," म्हणाली. मग पिशवीतून जुनी वही काढली. जुन्या टपरीचं सगळं तिने त्या वहीत मोजून ठेवलं होतं, फळी, पत्रा, खांब. चुन्याचा डागसुद्धा. दोन फूट नऊ.

"आजी, हे एवढं वर कसं?"

"उभे आहेत म्हणून," मी म्हटलं. "ही वही भरलीस तो दिवस आठवतो?"

तिला आठवेना. मला आठवतो. ती सकाळीच टेप घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, जरा बाहेर उभे राहा, मी बोलावलं की आत या." हे काठी टेकून बाहेर उभे राहिले. तिने मोजलं, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, बोलत बोलत रिक्षात बसून गेली. मी दोन वाजता डबा घेऊन गेले तर हे उन्हात उभे, टपरी रिकामी. मी म्हटलं, "अहो, बसा ना आत!" तर म्हणतात कसे, "पोरग्येन सांगल्यान, बोलावतंय तेव्हा येवा. अजून बोलवूक नाय." नातीचा शब्द म्हणजे देवाचा कौल. मी हात धरून आणलं तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजला होता. पुन्हा टपरीवर गेलेच नाहीत. वीस दिवसांनी संपले. त्यानेच गेले असं मी म्हणत नाही. पण बोलावणं राहिलं ते राहिलंच.

हे मी तिला तिथेच सांगितलं. कुंदाने पदर तोंडाला लावला. श्रुतिकेने वही मिटली, टेप पिशवीत टाकली. मग भर रस्त्यात, रिक्षावाले बघत असताना, खांबाशी वाकून म्हणाली, "आजोबा, झालं माझं मोजून. या आत."

सोमवारी बाहेरचा खांब कोरडा होता. कुंदाला वाटलं सुटलो. दुपारी तिने मला फोन करून बोलावलं, श्रुतिकाही धावत आली. चुना आत होता, डाव्या अंगाला, कुंदाच्या खांद्यामागे. श्रुतिकेने टेप लावायच्या आधीच मी सांगितलं, "चार फूट अकरा." तेवढाच भरला.

आत आले होते. पण उभेच. बसणार कुठे? कमरेपासून जमिनीपर्यंत सगळं कपाट, मधे उभं राहण्यापुरती जागा. कुंदा सकाळपासून उभी असते, रात्री पाय गरम पाण्यात ठेवते आणि लेकीविरुद्ध चकार शब्द काढत नाही.

"आजी, उद्या साहेब येणार," श्रुतिका रडकुंडीला आली. "कपाट काढलं तर सगळं ड्रॉइंग बदलावं लागेल. एकाचं नाही, चाळीसचं. मग हे कामच माझ्याकडे राहील की नाही, माहीत नाही."

कुंदाच्या मागे तो चुना अजून ओला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"ऐक गो बाय," मी म्हटलं. "आलेल्याला आत घेऊन उभा ठेवते, ती बाई घर चालवायच्या लायकीची नाही, असं आमच्यात म्हणतात. तू तर चाळीस घरं बांधायला निघालीस. तुझ्या आजोबाला एकदा उठवलंस ते चुकून, असं मी धरून चालते. उद्या चाळीस ठिकाणी उठवशील ते कागदावर काढून. पिशवीतला तुझा पान्हा काढ आणि खालचं कपाट आत्ताच्या आत्ता सोडव. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते. आधी पाट मांड."