एकच चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. माझी टोकं जराशी वाकडी आहेत, ती जन्मापासूनच. थेट दाढेपर्यंत कापूस नेता यावा म्हणून मला तसं घडवलं होतं. दातांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. तिथल्या मदतनीस बाई प्रत्येक रोग्यानंतर मला उकळत्या पाण्यात टाकत. डॉक्टर म्हणत, "बाई, एक दिवस साल निघेल हो त्याची!"

निवृत्त झाल्यावर बाई मला घरी घेऊन आल्या. घरी ठिपकी होती. ठिपकी म्हणजे वीतभर लांबीची, पिवळी, जाड शेपटीची पाळीव पाल. बाईंची नणंद दारातूनच म्हणायची, "वहिनी, लोक पाली हाकलतात, तू पोसतेस!" बाई हसत. यजमान गेल्यापासून घरात त्यांची वाट बघणारं तेवढंच कुणी उरलं होतं. रोज संध्याकाळी मी काचेच्या पेटीत अळी धरायचो. ठिपकी मान तिरकी करून ती अलगद टिपायची.

मग बाईंच्या सासरी असलेल्या लेकीनं ठिपकीच्या सोबतीला दुसरी पाल आणली. बाईंनी सगळं रीतसर केलं. पाहुणीची खोली वेगळी, पेटी वेगळी, पाण्याची वाटी वेगळी. चिमटा मात्र मी एकटाच. बाई आधी पाहुणीला भरवत, मला फडक्यानं पुसत आणि ठिपकीकडे नेत. उकळणं दवाखान्यात राहिलं होतं. हे घर होतं.

दोन महिन्यांत ठिपकीची शेपूट काडीसारखी झाली. पालीची चरबी शेपटीत साठते, तीच तिची शिदोरी. बाईंना वाटलं, वय झालं असेल. त्यांनी अळ्या वाढवल्या, तर ठिपकी त्या ओकून टाकू लागली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींची विष्ठा तपासली. "आतड्यात परजीवी आहेत. नवीला ते आधीपासून असणार, तिला त्रास होत नाही इतकंच. ही मात्र यातून पूर्ण बरी होणार नाही."

"पण आम्ही दोघींना वेगळं ठेवलं होतं हो!" लेक म्हणाली.

"भरवता कशानं?"

"एकाच चिमट्यानं," बाई म्हणाल्या.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, आणली मी ना? मग चूक माझी."

"तू नुसती आणलीस गं. भरवलं मी."

अकराव्या दिवशी ठिपकी गेली. पुढचे दोन दिवस बाई पाहुणीच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हातात घेऊन गेल्या. पाहुणी काचेला नाक लावून बसली होती.

"ये," बाई म्हणाल्या. "तुझा काय दोष?"

मित्रांनो, घरात नवा प्राणी आला की आधी त्याची विष्ठा तपासून घ्या. त्याला भरवायचा चिमटा वेगळा ठेवा. नुसतं पुसून हे परजीवी जात नाहीत. मी रोज ठिपकीच्या तोंडाशी काय नेत होतो, हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक आहे.