कच्चा टाका

इस्पितळाच्या तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत, लेक कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिचे शिंपी बाबा शेजारच्या स्टुलावर, कोटाचं सैल बटण चाचपत. दुपारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मागे एकदा एका औषधानं त्यांचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं, श्वास अडकला होता. आणि नोंदीत मात्र लिहिलेलं, ‘न चालणारी औषधं : काही नाही’. नोंदी सांभाळणं लेकीचंच काम. तिनं बदलाची आज्ञा लिहून पाठवली.

‘एक ओळ बदलली,’ पडद्यावर उमटलं. तिनं नोंद उघडून पाहिली. औषधाचं नाव जागच्या जागी.

“झालं, बाबा.”

“उलटून बघितलंस?”

“ही काय विजार आहे?”

“रिळू,” बाबा म्हणाले. लहानपणी ती रिळांच्या खोक्यात झोपायची, तेव्हापासूनचं हे नाव. “तूच लिहिलंस, तूच वाचलंस. आपलंच शिवण, आपलीच शाबासकी! सुलट बाजूला सगळेच टाके गोजिरे दिसतात गं.”

म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून ती जिना चढून वरच्या मजल्यावर नर्सच्या टेबलाशी गेली. “ताई, आमच्या बाबांची नोंद दाखवता?”

नर्सनं उघडली. ‘काही नाही.’

दोन-दोन पायऱ्या उतरत लेक खाली आली आणि पडद्याकडे बघताच कपाळावर हात मारून घेतला. बदल कायम करायची शेवटची आज्ञा तिनं दिलीच नव्हती. तोवर तो तिच्या एकटीच्या पडद्यावर दिसणार. बाकी साऱ्या इस्पितळाला जुनीच नोंद.

“तोंड का उतरलं गं?”

“कच्चाच टाका राहिला, बाबा.”

“मग घाल पक्का. मी कुठे पळतोय, या गुडघ्यानं!”

तिला हसू आलं, डोळेही भरले. तिनं आज्ञा दिली, आणि या खेपेला स्वतः न वाचता बाबांना हाताला धरून लिफ्टनं वर नेलं. नर्सनं नोंद पुन्हा उघडली, औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं. लेकीनं तिला ते आणखी एकदा वाचायला लावलं.

“ताई, हिला शिंप्याचा रोग आहे,” बाबा खूश होऊन म्हणाले.

दुपारी ऑपरेशनसाठी आत जाताना त्यांनी कोट काढून लेकीच्या हातात दिला. “बटण सैल झालंय. कॉलरखाली सुई खोचलेली आहे, दोरा ओवलेला. मी येईस्तोवर लावून ठेव.”

“लावते. ओढूनही बघते.”

दार मिटलं. ती बाकावर टेकली, बटणात चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग मांडीवर कोट उलटा केला आणि बाबा बाहेर येईपर्यंत ती आतल्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.