लाल झालं की थांबायचं

बदलीबाईने बर्नर पेटवला, ज्योतीजवळ बाटलीचं झाकण उघडलं आणि ॲप्रनच्या खिशातून ड्रॉपरची छोटी कुपी काढली. दाराच्या काचेआड उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती बरेच दिवस चुकचुकत होती, पण आज तिला पुरावा मिळाला. बाईने बाटलीत दोन थेंब सोडले, बाटली हलकेच हलवली, खिडकीच्या उजेडात धरली, आणखी एक थेंब सोडला आणि ती इन्क्युबेटरमध्ये जागच्या जागी ठेवून दिली. वर हातसुद्धा धुतले. इतक्या शांतपणे विष कालवणारी बाई रंगाऱ्याने आजवर पाहिली नव्हती. विष कालवणारी बाईच त्याने आजवर पाहिली नव्हती, हा भाग वेगळा.

रंगारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो संशोधन संस्थेच्या पेशीकक्षात तंत्रज्ञ होता. एका जुन्या वाणाच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवायच्या, त्यांना ताजा मीडिया, म्हणजे ज्यात त्या वाढतात ते पोषक पाणी, द्यायचा, गर्दी झाली की दोन बाटल्यांत वाटून द्यायच्या, हे त्याचं काम. नोकरीला लागला तेव्हा केस काळे होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. पेशींना तो 'मंडळी' म्हणायचा. रजेवरून आला की आधी मंडळींची खबर घ्यायचा आणि मग माणसांची.

नवीन कुणी शिकायला आलं की त्याचं एक ठरलेलं भाषण असे. "पेशी म्हणजे काय? पाण्याची पिशवी. बाहेरच्या पाण्यात साखर हवी, मीठ हवं, चिमूटभर सोडा हवा. मंडळी साखर खातात आणि आंबट पाणी बाहेर टाकतात. आंबट फार झालं तर मरतात, सोडा फार झाला तरी मरतात. माणसासारखंच आहे, मधल्या चिंचोळ्या वाटेवर जगायचं. पाणी कुठल्या बाजूला कललंय ते सांगायला आपण त्यात रंग घालतो. आंबट झालं की पिवळा, सोडा जास्त झाला की जांभळा. आणि बरोबर असेल तेव्हा लाल. थेंब थेंब सोडा घालायचा, लाल झालं की थांबायचं." आंबटपणा मोजायचं यंत्र कोपऱ्यात आवरण घालून बसलेलं असे. रंगाऱ्याला त्याची गरज कधी पडली नव्हती. त्याच्या डोळ्याने लावलेला रंग पुढे यंत्रावर तपासला तर काटा बरोबर जागेवर यायचा, आणि नाव पडलं ते त्यावरूनच.

पण या हंगामात मंडळी मरायला लागली. बाटलीच्या तळाशी ऐसपैस पसरून राहणाऱ्या पेशी गोल होत, सुटत आणि वरच्या पाण्यात कचऱ्यासारख्या तरंगत. वाणाच्या गोठवून ठेवलेल्या कुप्यांपैकी एकेक काढावी लागली आणि आता नायट्रोजनच्या टाकीत शेवटची एकच उरली होती. बाटल्यांतली मंडळी कितीही जपली तरी काही महिन्यांत थकायची, नवी सुरुवात कुपीतूनच व्हायची. तीही गेली, तर वाणच संपला. हा वाण त्याच्या आधीच्या तंत्रज्ञाने त्याच्या हातात दिला होता, हे रंगारी विसरला नव्हता.

घातपात आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. घातपाती कोण, इतकंच ठरायचं होतं. आधी त्याचा डोळा स्टोअरवाल्यावर होता. त्याने कक्षात कुठल्यातरी स्वस्तातल्या पिवळट ट्यूब लावल्या होत्या आणि त्यात सगळं मळकट दिसायचं.

"ट्यूब जुन्याच कंपनीच्या आहेत हो, आणि पांढऱ्याफेक आहेत," स्टोअरवाला म्हणाला होता. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं."

रंगाऱ्याने हा टोमणा मनात नोंदवून ठेवला. मग दुसऱ्या शाखेतून बदली होऊन ही बाई आली आणि त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या बाटल्यांपाशी ती घुटमळायची, त्या जगायच्या. बाकीच्या मरायच्या. म्हणजे मारायचं कसं हे तिला ठाऊक होतं, आणि वाचवायचं कसं तेही. आल्या आल्या तिने विचारलंही होतं, "दादा, रंग इतका ठेवायचा का?" तो म्हणाला होता, "बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी हा रंग लावतोय." त्यानंतर तिने विचारलं नाही. याचाही त्याला संशय आला होता.

आज तो थेट मॅडमच्या खोलीत शिरला. मॅडम विभागप्रमुख, वयाने त्याच्याहून लहान, पण मंडळींचं काम त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी बाईला बोलावून घेतलं. बाईने मागितल्याबरोबर खिशातली कुपी टेबलावर ठेवली.

"काय आहे यात?" मॅडमनी विचारलं.

"पातळ आम्ल आहे."

"ऐकलंत ना?" रंगारी म्हणाला. "कबूलच करतायत."

"मीडिया जांभळा होता, मॅडम. सोडा जास्त पडलेला. ज्या बाटल्या मरायच्या आत मला दिसल्या, त्या मी ओढून लालवर आणल्या."

"मला न सांगता?"

"एकदा विचारलं होतं, दादा."

रंगारी हसला. ही वेळ येणार हे त्याला माहीत होतं. सकाळी केलेल्या मीडियाची एक बाटली त्याने मुद्दाम स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती, बाईचा वाराही लागू न देता. ती त्याने आणली आणि खिडकीत ठेवली. बाहेर लख्ख ऊन होतं.

"ही बाटली फक्त माझ्या हातची आहे. आता सांगा मॅडम, रंग कोणता?"

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला कोणता दिसतोय?"

"लाल. दुसरा कुठला?"

"ही जांभळी आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका हळू होता, की रंगाऱ्याला त्यात कट स्पष्ट ऐकू आला.

यंत्रावरचं आवरण निघालं. यंत्रही बाईच्याच बाजूने बोललं. "यंत्र काय, लावाल तसं बोलतं," रंगारी म्हणाला, पण त्याचे कान तापले होते.

"उद्या शेवटची कुपी काढायची आहे," मॅडम म्हणाल्या. "मीडिया बाई करतील. तुम्ही एकदा डोळे दाखवून या. वय झालं की भिंगावर पिवळी झाक येते, सगळ्यांनाच येते. काढतातही ती."

म्हणजे असा डाव होता तर. कुंपणानेच शेत खाल्लं, असं म्हणत तो घरी गेला.

घरी बायको दिव्याखाली विणत बसली होती. त्याच्यासाठीच स्वेटर चालला होता. लोकर त्यानेच आणून दिली होती, लाल. ती पाहून त्याला जरा बरं वाटलं. कपडेही न बदलता त्याने सगळी हकीकत सांगितली, बाई, आम्ल, मॅडम, यंत्र, स्टोअरवाल्याची कावीळ. बायको 'हं' म्हणत विणत राहिली.

"मला लाल-जांभळं शिकवतात," तो म्हणाला. "उद्या ही लोकरसुद्धा जांभळी आहे म्हणतील."

बायकोच्या सुया थांबल्या. संशयात मुरलेल्या माणसाच्या ते लक्षात आल्याशिवाय कसं राहील?

"काय झालं?"

"काही नाही. हातपाय धुऊन घ्या."

"बोल ना."

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. "जांभळीच आहे ती. मी लाल सांगितली होती. तुम्ही जांभळी घेऊन आलात. म्हटलं, आवडली असेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्हाला रंगातलं कोण सांगणार?"

तो खुर्चीत बसला. कटात कोण कोण सामील आहे याची त्याने मनातल्या मनात पुन्हा मोजदाद करून पाहिली. मॅडम, बाई, यंत्र, स्टोअरवाला. बायको त्यात बसेना. तिने बदलीबाईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने वर पाहिलं. घरातली ट्यूबही पिवळट होती, आणि ती काही स्टोअरवाल्याने लावलेली नव्हती.

मग त्याला एकेक बाटली आठवली. लाल येत नाही म्हणून त्याने सोडा घातला होता, आणखी घातला होता, लाल दिसेपर्यंत घातला होता. मंडळींना दुसऱ्या कुणी मारलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि तिच्याखाली रडूही होतं. बायकोने लोकर उचलून टोपलीत झाकून ठेवली. "राहू दे," तो म्हणाला. "पूर्ण कर. घालीन मी."

सकाळी बदलीबाई आली तेव्हा रंगारी मीडियाची बाटली समोर घेऊन बसला होता. यंत्रावरचं आवरण त्यानेच काढून, घडी करून बाजूला ठेवलं होतं. बाई दारातच थबकली. आता तिच्या चेहऱ्यावर संशय होता.

"मॅडमनी मीडिया मला करायला सांगितलाय, दादा."

"तुम्हीच करताय. हात फक्त माझे." त्याने सोड्याचा ड्रॉपर उचलला. "यंत्र लावा. पण आधी डोळ्याने पाहून सांगा. मला सवय तीच आहे."

ती जवळ येऊन उभी राहिली. त्याने थेंब सोडला आणि बाटली फिरवली.

"पिवळा," ती म्हणाली.

थेंब पडला.

"नारिंगी."

पुन्हा एक. तिने जरा वेळ घेतला. ती बरोबर सांगेल ना, की आजच शेवटचा सूड उगवेल, अशी एक जुनी पाल त्याच्या मनात चुकचुकून गेली.

"त्या वाचलेल्या बाटल्या," तो बाटलीकडे पाहत म्हणाला, "त्याबद्दल मी काही बोललो नाही तुम्हाला."

"आधी आणखी एक थेंब सोडा," बाई म्हणाली. त्याने सोडला. "हं. लाल झालं. थांबा, दादा."

त्याला बाटली अजून मळकट नारिंगीच दिसत होती. आणखी एका थेंबासाठी बोटं शिवशिवली. त्याने ड्रॉपर बाईच्या हातात दिला, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि शेवटची कुपी काढायला टाकीकडे गेला.