खिंडीच्या अलीकडे

मी चाकाची साखळी बोलतेय. गळ्यात घालतात ती नव्हे, आणि कुत्र्याला बांधतात तीही नव्हे. बर्फाच्या रस्त्यावर गाडी घसरू नये म्हणून टायरवर चढवतात ती. मी एकटी नाही, आम्ही दोघी बहिणी आहोत. गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर आम्ही एकेक जातो. बहीण अबोल आहे, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

लुधियान्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी कड्या एकमेकींत अडकवून आम्हाला दोरीच्या शिडीसारखा आकार दिला, टोकांना आकडे लावले, आणि तेल पुसून खोक्यात भरलं. आमच्या बरोबरच्या बहुतेक जणी डोंगरातल्या दुकानांत गेल्या. आम्ही आलो विक्रोळीला.

खोकं उघडलं तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. विक्रोळीत बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत. इथे आमचं काय काम, मला कळेना.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते लताबाईंनी. घाटकोपरच्या एका दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून सगळी नोकरी केली होती. त्यांची पकड तशीच होती, घट्ट पण न दुखवणारी.

"केवढी जड आहे रे ही," त्या म्हणाल्या.

समोर देवेश बसला होता. तिशीतला, डाव्या पायाने किंचित लंगडणारा. त्याने माझ्याकडे हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"तेव्हा ही असती ना काकू, तर..."

"तेव्हा नव्हती. आता आहे. पुढचं बोल."

त्या घरात भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी एका हसऱ्या तरुणाचा फोटो होता. तो आकाश, लताबाईंचा एकुलता एक मुलगा. तीन हिवाळ्यांपूर्वी तो आणि देवेश गाडी घेऊन हिमाचलात गेले होते. शाळेपासूनचे मित्र. जलोडी खिंड ओलांडायच्या आदल्या मुक्कामी आकाश म्हणाला होता, आज राहू, उद्या सकाळी जाऊ. देवेश म्हणाला, थोडंच तर राहिलंय, अंधाराच्या आत पलीकडे उतरू. माथा त्यांनी ओलांडला. पलीकडच्या उतारावर, सावलीतल्या एका वळणाशी, रस्ता नुसता ओला दिसत होता. तो ओला नव्हता, त्यावर काचेसारखा बर्फ होता. गाडी चालवणाऱ्या देवेशने ब्रेक दाबल्यावर ती थांबायच्या ऐवजी कड्याकडे सरकत गेली. देवेशच्या पायात सळी घातली. आकाशला खालच्या गावात आणेपर्यंत तो गेला होता.

हे सगळं देवेशने तेव्हाच आकाशच्या आईवडिलांना सांगितलं होतं, काहीही न लपवता. लताबाईंनी ऐकून घेतलं. आकाशचे वडील, अंबादास, त्या दिवसापासून देवेशशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि आता लताबाईंना ती जागा पाहायची होती. ज्या रस्त्याने मुलगा गेला, त्याच रस्त्याने, त्याच दिवसांत. उन्हाळ्यात जा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या म्हणायच्या, "उन्हाळ्यात तिथे हिरवळ असणार. त्याने शेवटचं पाहिलं ते मला बघायचंय." आणि गाडी चालवायला त्यांनी देवेशलाच बोलावलं होतं. त्या अपघातानंतर त्याने गाडीला हात लावला नव्हता.

तयारी तीन महिने चालली. रविवारी सकाळी देवेश हायवेवर गाडी चालवायचा सराव करायचा. पहिल्या दिवशी तो मुलुंडपर्यंतही गेला नाही, ऐरोलीच्या फाट्यावरूनच घामाघूम होऊन परत आला. लताबाई शेजारी बसलेल्या असायच्या. पुढच्या रविवारी त्या पुन्हा खाली येऊन उभ्या राहत.

घरी प्रत्येक गोष्टीची चौकशी व्हायची. खिंडीच्या अलीकडे शोजा नावाचं गाव आहे. तिथल्या एका घरमालकिणीकडे त्यांनी खोली घेतली आणि दर आठवड्याला फोन करून त्या हवा विचारू लागल्या. खिंड ओलांडायची ती ऊन असतानाच, दुपार कलली की वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं, हे त्यांना तिनेच सांगितलं. हातात दोन दिवस जादा ठेवायचे, म्हणजे रस्ता बंद असला तरी घाई होत नाही. डिकीत फावडं, घोंगड्या, विजेरी, सुका खाऊ. इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून वेगळं कूलंट, बॅटरी नवी.

आणि आम्ही. इमारतीच्या आवारात देवेशने आम्हाला चाकावर चढवायचा सराव सुरू केला, तेव्हा शेजारच्या मालनताई पिशवी घेऊन थांबल्या.

"काय गं लता, हत्ती बांधायचाय का?"

"गाडी बांधायचीय," लताबाई म्हणाल्या.

दोन-तीनदा जमल्यावर देवेश उठायला लागला, तर त्यांनी त्याच्या हातात लोकरीचे जाड हातमोजे दिले. "हे घालून कर. तिथे बोटं बधिर होणार." विक्रोळीच्या त्या उकाड्यात तो मोजे घालून, घाम गाळत, माझे आकडे चाचपत बसला. मी हातातून निसटायची, तो पुन्हा धरायचा. वर गॅलरीत अंबादास पेपर घेऊन उभे असायचे. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नसे.

जानेवारीत निघायच्या दिवशी सकाळी ते बॅग घेऊन खाली आले आणि मागच्या सीटवर बसले.

"तुम्ही येताय?" लताबाईंनी विचारलं.

"काही विचारू नकोस," ते म्हणाले.

विक्रोळी ते शोजा हा लांबचा रस्ता. मी डिकीत होते, सगळं ऐकू येत होतं. उदयपूर गेलं, जयपूर गेलं, चंदीगडनंतर थंडी पत्र्यातून आत येऊ लागली. अंबादासांना चहा हवा असला की ते म्हणत, "लता, गाडी थांबवायला सांग." देवेश ते ऐकून आधीच वेग कमी करायचा. पण लताबाईंनी सांगितल्यावरच थांबायचा. माणसं एवढ्याशा गाडीत एकमेकांपासून इतकी लांब कशी राहू शकतात, ते मी त्या प्रवासात पाहिलं.

शोजाला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. खिंडीकडच्या रस्त्यावर पोलिसांची चौकी होती. पोलिसाने आम्हाला हातात घेऊन पाहिलं, वर काल बर्फ काढलाय म्हणाला, आणि दुपारच्या आत परत या असं बजावून गाडी सोडली. पुढे डांबर संपून पांढरं सुरू झालं, तिथे देवेशने आम्हाला चाकांवर चढवलं. मोजे घालूनही एकही आकडा चुकला नाही.

ज्या कामासाठी जन्म झाला ते मी पहिल्यांदा केलं. चाक फिरलं, मी बर्फात रुतले, पकड घेतली, सुटले, पुन्हा रुतले. गाडी माणसाच्या चालीने वर चढत होती.

माथा दोन-तीन वळणांवर आला असेल. तेवढ्यात ऊन गेलं. समोरच्या देवदारांवरून धुकं खाली उतरलं आणि बर्फ पडू लागला, आधी विरळ, मग समोरचा रस्ता दिसेना इतका. देवेशने एका रुंद जागी गाडी उभी केली आणि खाली उतरला. बुटाने रस्ता घासून पाहिला. कालच्या गोठलेल्या थरावर आज नवा बर्फ बसत होता. माझ्याकडे वाकून त्याने ताण पाहिला, आणि काच खाली केलेल्या लताबाईंजवळ गेला.

"काकू, मी पुढे नेणार नाही."

"साखळी आहे ना?"

"आहे. चढायला पुरेल. पलीकडचा उतार मला माहीत आहे. या बर्फात तिथे साखळीचाही भरवसा नाही."

"माथा तर इथेच आहे, देवेश."

"हो."

"त्याच्या पलीकडे लगेच आहे ना ती जागा? तूच सांगितलंस."

"लगेचच आहे," तो म्हणाला. "तरी नेणार नाही."

लताबाई दार उघडून बाहेर आल्या. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तीन वर्षं मी या दिवसावर काढलीत. तुला भीती वाटत असेल तर थांब इथे. मी चालत जाते." आणि खरंच त्या निघाल्या. पंधरा-वीस पावलं गेल्या असतील, त्यांचा पाय सरकला आणि त्या गुडघ्यावर बसल्या. उठायचा प्रयत्न केला नाही. तशाच बर्फात बसून रडू लागल्या, आवाज न करता.

मागचं दार उघडलं. अंबादास हळूहळू, गाडीला धरत उतरले. बायकोपाशी गेले, तिला खांद्याला धरून उठवलं, तिच्या गुडघ्यांवरचा बर्फ झाडला.

"लता, आकाशही थांबूयाच म्हणाला होता ना," ते म्हणाले. "या पोराने आज त्याचं ऐकलंय. चल."

मग ते देवेशसमोर उभे राहिले.

"फिरव गाडी, देवेश," ते म्हणाले. "सावकाश फिरव. मी मागे उभा राहून सांगतो."

अरुंद रस्त्यावर, मागे उभं राहून ते हाताने खुणा करत राहिले, अजून थोडी, बस, आता पुढे घे. त्यांच्या टोपीवर बर्फ साचला होता. मी आणि माझी बहीण जिवाच्या आकांताने पकडून होतो.

उतरताना खालून एक गाडी वर येताना दिसली. नाशिकची पाटी, आत चार मुलं, चाकांवर काही नाही, चौकीवरून कशी सुटली कोण जाणे. लताबाईंनी देवेशला थांबायला सांगितलं आणि त्या मुलांच्या गाडीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वर जाऊ नका रे."

"काकू, माथ्यावर फोटो काढून लगेच खाली येतो," चालवणारा म्हणाला. "हे काय, आलंच."

"माझा मुलगा वर गेला, तो परत आला नाही," लताबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. आईला फोन लावून दे माझ्याकडे. तिने जा म्हटलं तर मी बाजूला होते."

मुलाने फोन काढला नाही. त्याने गाडी मागे घेतली. आमच्या मागोमाग, आमच्या चाकांच्या खुणांवरून ती गाडी शोजापर्यंत उतरली.

पुढचे दोन्ही दिवस बर्फ थांबला नाही आणि खिंड बंद झाली. ती जागा लताबाईंना दिसली नाही. निघायच्या सकाळी घरमालकिणीच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला, नवराबायकोने खिंडीकडे तोंड करून मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला हात जोडले. देवेश गाडीपाशी मला पुसत होता. अंबादासांनी मागे वळून पाहिलं.

"तू काय तिकडे उभा राहिलास? ये ना इकडे."

तो गेला. दोघांच्या मध्ये त्यांनी त्याला जागा करून दिली.

परतीच्या रस्त्यावर अंबादास पुढच्या सीटवर बसले होते. चहा हवा असला की स्वतःच सांगायचे.

आता मी विक्रोळीला, लताबाईंच्या घरी असते. माझ्या दोन कड्या झिजल्यात, एक आकडा वाकून पुन्हा सरळ केलाय, पण मी कामाची आहे. हिवाळ्यात डोंगरात जाणारी मुलंमुली कुणाकडून तरी ऐकून इथे येतात आणि टायरचं माप जुळलं तर आम्हाला घेऊन जातात. लताबाई पैसे घेत नाहीत. आवारात नेऊन चढवायला शिकवतात, तेही हातमोजे घालून.

परवा मालाडहून तेजल नावाची मुलगी आली. नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच बर्फात चाललीय. सगळं शिकून वर घरात आल्यावर लताबाईंनी विचारलं, "खिंड बंद असली तर काय करशील?"

"थांबू एक दिवस."

"दुसऱ्या दिवशीही बंद असली तर?"

"आणखी एक दिवस थांबू."

"आणि रजा संपली तर?"

तेजलने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आकाशच्या फोटोकडे.

"परत येऊ, काकू."

तेव्हा कुठे लताबाईंनी आमचं खोकं तिच्या हातात दिलं.

उद्या आम्ही तेजलबरोबर निघतोय. डोंगराकडे जाणाऱ्या माणसांनो, मला सोबत घ्या, चढवायला शिकून घ्या. पण मी लोखंडाची आहे. मला पकड घेता येते, थांबा असं म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल, आणि गाडीतल्या एकाने जरी म्हटलं, तरी बाकीच्यांनी ऐका.